आईचं ताट, लेकराची वाटी

काल सकाळी उठल्यापासून आज सकाळी उठेपर्यंत काय काय खाल्लं? आहारविविधतेची सगळी मोजणी या एका साध्या प्रश्नावर उभी आहे. उत्तरात आलेले पदार्थ ठरावीक अन्नगटांत घालायचे, गट मोजायचे आणि किमान संख्येशी ताडून पाहायचे. 15 ते 49 वर्षांच्या स्त्रियांसाठी दहा गट आहेत, त्यांपैकी निदान पाच हवेत. 6 ते 23 महिन्यांच्या मुलांसाठी आठ गट आहेत, त्यांतलेही निदान पाच. हा प्रश्न घरोघरी विचारणं, विचारणाऱ्यांना तो शिकवणं आणि भरून आलेले तक्ते तपासणं या कामातून माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. ही मोजणी उपयोगाची आहे, पण तिचा सर्वांत उथळ भागच आपण वापरतो. किती टक्के मुलांनी किमान संख्या गाठली आणि किती टक्के स्त्रियांनी गाठली, एवढे दोन आकडे दोन वेगळ्या अहवालांत छापले जातात आणि काम संपतं. ही मोजणी बोलू लागते ती आई आणि मूल यांची उत्तरं एकाच घरातून, एकाच दिवशी घेऊन, गटागटाने शेजारी ठेवून वाचली तर. कोणता गट दोघांच्याही पोटात गेला नाही, कोणता फक्त आईच्या आणि कोणता फक्त लेकराच्या, हे कळल्याशिवाय त्या घरासाठी काय करायचं ते ठरवता येत नाही.

आधी ही मोजणी काय सांगते ते नीट पाहू. स्त्रियांचे दहा गट असे: धान्यं आणि बटाट्यासारखे कंद, डाळी-कडधान्यं, शेंगदाणा, तीळ, खुरासणी यांसारख्या बिया आणि सुकामेवा, दूध-दही, मांस-मासळी, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, लाल भोपळा, गाजर, पिकलेला आंबा, पपई अशी अ जीवनसत्त्वाने भरलेली फळं-भाज्या, इतर भाज्या, आणि इतर फळं. दिवसभरात एखाद्या गटातलं सगळं मिळून 15 ग्रॅमहून कमी पोटात गेलं असेल तर तो गट धरायचा नाही. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेने 2016 मध्ये याची मार्गदर्शिका काढली आणि 2021 मध्ये ती सुधारली. पाच ही संख्या कोणी मनाने ठरवलेली नाही. अनेक देशांतल्या स्त्रियांच्या सविस्तर आहारनोंदी घेऊन लोह, जस्त, कॅल्शियम, फोलेट, अ, क आणि ब गटातली जीवनसत्त्वं अशी अकरा सूक्ष्मपोषकं पुरेशी मिळण्याची सरासरी शक्यता काढली गेली आणि तिच्याशी गटांची संख्या जुळवून पाहिली गेली. पाच किंवा जास्त गट खाणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण ज्या समूहात अधिक, त्या समूहाला ही पोषकं पुरेशी मिळण्याची शक्यता अधिक, एवढंच हे माप सांगतं. ते समूहाचं माप आहे. एखाद्या बाईने काल चारच गट खाल्ले म्हणून तिला कुपोषित ठरवणं, किंवा सहा खाल्ले म्हणून तिची काळजी सोडणं, दोन्ही चुकीचं.

मुलांचं माप निराळ्या वाटेने आलं आहे आणि मध्येच बदललंही आहे. 2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सात गटांपैकी चार अशी अट ठेवली होती. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी आईचं दूध हा आठवा गट मानला आणि किमान संख्या पाच केली. मुलांच्या मापात ग्रॅमची अट नाही, कारण या वयात एकेका पदार्थाचा घासच लहान असतो. गट कसे धरले यावर आकडा किती हलतो, याचा प्रत्यय 2024 मध्ये देशाला आला. आदल्या चोवीस तासांत कोणताही घन किंवा अर्धघन आहार किंवा वरचं दूध न मिळालेली 6 ते 23 महिन्यांची मुलं भारतात 19.3 टक्के असल्याचा निष्कर्ष एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात आईचं दूध धरलं नव्हतं, असा केंद्र सरकारचा आक्षेप होता. माझ्या मते दोन्ही बाजूंनी मांडलेली गोष्ट आपापल्या जागी खरी होती. अंगावर पिणाऱ्या मुलाला उपाशी म्हणणं अन्यायाचं, आणि सहा महिन्यांनंतर नुसत्या अंगावरच्या दुधावर असलेल्या मुलाचं भागतंय म्हणणं धोक्याचं. आठवा गट याच गोंधळावरचा तोडगा आहे. तो आईच्या दुधाला मान देतो आणि उरलेले चार गट वाटीतून मागतो.

एकाच सर्वेक्षणातून वेगवेगळे आकडे निघतात आणि ते एकमेकांशेजारी मांडले की वाचकाची दिशाभूल होते, हेही सांगायला हवं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या अहवालात 11.3 टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत असल्याचं म्हटलं आहे. या आकड्यात विविधता आणि दिवसातून किती वेळा भरवलं हे दोन्ही एकत्र तपासलेलं आहे. त्याच माहितीवर आठांपैकी पाच हे नुसतं विविधतेचं माप लावलेल्या एका अभ्यासात 77.1 टक्के मुलं किमान संख्येच्या खाली राहिली. 2005-06 मध्ये हे प्रमाण 87.4 टक्के होतं. सुधारणा झाली आहे, पण चौदा-पंधरा वर्षांत दहा टक्क्यांची. या अभ्यासात महाराष्ट्र 80 टक्क्यांहून अधिक अपयश असलेल्या राज्यांत आहे. त्याच अभ्यासात अंडं खाणाऱ्या मुलांचं प्रमाण सुमारे 5 टक्क्यांवरून 17 टक्क्यांच्या पुढे गेलेलं दिसतं, तर वरचं दूध मिळणाऱ्यांचं किंचित घटलेलं. सगळ्या गटांना एका टक्क्यात कोंबलं की ही उलटसुलट हालचाल दिसेनाशी होते. गटवार वाचनाचा माझा आग्रह इथूनच सुरू होतो.

हा प्रश्न विचारण्यातली अडचण कागदावर दिसत नाही. घरात काय शिजलं आणि उत्तर देणाऱ्या बाईच्या पोटात काय गेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ती सहज पहिलीचं उत्तर देते. आमटी होती, असं ती सांगते. ती डाळीची होती की नुसती मसाल्याची, हे विचारावं लागतं. डाळीची असेल तर मुलाला घट्ट वरण मिळालं की भातावर वरचं निवळ पाणी, हेही विचारावं लागतं, कारण त्या पाण्याने डाळीचा गट भरत नाही. भाजीत शेंगदाण्याचा कूट घातला होता, पण सहा माणसांच्या पातेल्यात दोन चमचे कूट म्हणजे एकीच्या वाट्याला 15 ग्रॅम येत नाही. भाकरीसोबत खुरासणीची चटणी चांगली मोठा चमचाभर खाल्ली असेल तर तो गट धरता येतो. कोबी पानांचा असला तरी गडद पालेभाजीत बसत नाही. फोडणीतला कढीपत्ता आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर मोजायची नाही. चहात घातलेलं दूध दुधाच्या गटात जात नाही, आणि गोड बिस्किट धान्याच्या गटात जात नाही. म्हणजे सकाळी ज्या लेकराचं पोट चहा-बिस्किटाने भरलं, त्याच्या खात्यात त्या वेळी एकही गट जमा होत नाही. हे नियम क्लिष्ट वाटतात, पण त्यांच्यामागे एकच सूत्र आहे: चवीपुरतं पडलेलं आणि पोषणापुरतं खाल्लेलं यांत फरक करायचा. हा फरक न करता भरलेला तक्ता घराला उगाच सधन दाखवतो.

आता आई आणि लेकरू शेजारी ठेवून पाहू. समजा, एखाद्या पाड्यावर आईच्या ताटात नागलीची भाकर, उडदाचं पिठलं, माठाची भाजी आणि थोडी सुकट आहे, पण दहा महिन्यांच्या मुलाच्या वाटीत फक्त भात आणि अंगावरचं दूध आहे. इथे अन्न घरात आहे, ते मुलापर्यंत पोहोचलेलं नाही. कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही: आई शेतावर किंवा मजुरीला जाते, मूल आजीकडे किंवा मोठ्या बहिणीकडे असतं, मऊ करून भरवायला वेळ नसतो, पालेभाजी बाळाला बाधते असा समज असतो, तिखट घालण्याआधी बाळापुरतं बाजूला काढण्याची सवय नसते. उपाय पाळणाघराचा, वेळेचा आणि शिकवण्याचा आहे. दुसऱ्या घरात मुलाला अंडं आणि दूध मिळालं, आईने मात्र उरलेली भाकर चटणीशी खाल्ली. इथे भरवण्याचं शहाणपण आहे, पण पोषक पदार्थ इतके थोडे आहेत की ते वाटताना बाई शेवटी येते. तिसऱ्या घरात दोघांकडेही दूध नाही, फळ नाही, डाळ नाही. तिथे शिकवणी देणं म्हणजे अपमान आहे. तिथे प्रश्न बाजाराचा, मजुरीचा आणि रेशनचा आहे. मुलांच्या टक्केवारीत ही तिन्ही घरं अनुत्तीर्ण म्हणून एकाच रकान्यात पडण्याची शक्यता मोठी, आणि मग तिन्ही ठिकाणी एकच समुपदेशन, एकच भित्तिपत्रक पोहोचतं.

ही जोडी आज सरकारी माहितीतून लावता येत नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुलाने काल काय खाल्लं हे विचारतात, पण स्त्रीला विचारतात की दूध, डाळ, पालेभाजी, फळ, अंडं, मासळी ती रोज खाते, आठवड्यातून एकदा, कधीतरी की कधीच नाही. ही दोन उत्तरं एका मापाने तोलता येत नाहीत. कायद्याची रचनाही दोघांना एकत्र पाहत नाही. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार अंगणवाडीतून मिळणाऱ्या आहारावर आईचा हक्क गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने असतो, आणि मुलाचा स्वतःचा हक्क सहा महिन्यांपासून सुरू होतो. म्हणजे मुलाचं नाव आहाराच्या यादीत चढतं त्याच सुमारास आईचं उतरतं. सहा ते तेवीस महिने हा मुलाच्या विविधतेच्या मोजणीचा काळ. त्या पूर्ण काळात आई बहुधा अंगावर पाजत असते, राबत असते, कधी पुढच्या गरोदरपणाकडे चाललेली असते, आणि कुठल्याच नोंदीत नसते. महाराष्ट्राने 2015 मध्ये आदिवासी भागात सुरू केलेली डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना या दृष्टीने मोलाची आहे. तिच्यातल्या एका चौरस जेवणात भाकरी-भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू आणि अंडं किंवा केळं येतं, म्हणजे एका बैठकीत पाच गट. तिथेही स्तनदा मातेचा काळ सहा महिन्यांचा मानला गेला. जोडीने मोजलं तर ही खाच आकड्यांत उघडी दिसेल आणि ती भरण्याची मागणी पुराव्यानिशी करता येईल.

या सगळ्यावर घेतला जाणारा पहिला आक्षेप असा, की एका दिवसावरून आहार कसा कळणार? काल एकादशी असेल, बाजाराचा दिवस असेल, घरात पाहुणे असतील. एका व्यक्तीबाबत हा आक्षेप पूर्ण खरा आहे, आणि म्हणूनच हे माप व्यक्तीला लावायचं नाही. शेकडो घरं आठवड्याच्या सातही दिवसांत विभागून विचारली तर बाजाराचे आणि उपासाचे दिवस आपापल्या प्रमाणात येतात. उपासाला घाबरण्याचंही कारण नाही. साबुदाणा, शेंगदाणे, दही आणि केळं यांचेही चार गट होतात. ऋतूची अडचण याहून खोल आहे. पालघर, नाशिक, नंदुरबारच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, करटोली, भारंगी अशा रानभाज्या ताटात येतात आणि उन्हाळ्यात तेच ताट रिकामं होतं. दिवाळीनंतर मोखाडा-जव्हारची कित्येक कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात, आणि गावातल्या सर्वेक्षणाला ती सापडतच नाहीत. 2019-21 च्या सर्वेक्षणाचा ज्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता, त्याचं क्षेत्रकाम 17 जून 2019 ते 30 जानेवारी 2020 या काळात झालं. म्हणजे आपल्याकडच्या आकड्यांत पावसाळा आणि हिवाळा आहे, कोरडा उन्हाळा नाही. यावर उत्तर मोजणी सोडून देण्यात नाही. वर्षातून तीनदा मोजण्यात आणि भट्टीवरच्या झोपड्यांतही मोजण्यात आहे.

दुसरा आक्षेप प्रमाणाचा. गट मोजले, पण घास किती? वाटीभर वरण आणि दोन चमचे वरण मुलांच्या मापात सारखंच. हे खरं आहे आणि माप आपली ही मर्यादा लपवत नाही. पोट भरलं का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मूल दिवसातून किती वेळा जेवलं हे वेगळं विचारायचं असतं आणि वजन-उंची वेगळी पाहायची असते. प्रत्येक पदार्थ तोलून नोंदवण्याची पद्धत अचूक आहे, पण तिला दिवसभर घरात बसणारा प्रशिक्षित माणूस लागतो, आणि तो बसला की घरातलं जेवणच बदलतं. कंबोडिया, इथिओपिया आणि झांबियात तोलून घेतलेल्या नोंदींशी या सोप्या पद्धतीची तुलना झाली तेव्हा असं दिसलं, की यादी वाचून विचारलं काय किंवा आठवून सांगायला लावलं काय, किमान गाठणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण खऱ्याहून जास्तच निघतं. ही गोष्ट मी मापाविरुद्ध धरत नाही. तिचा अर्थ एवढाच, की आपले वाईट दिसणारे आकडेही बहुधा खऱ्या परिस्थितीहून थोडे बरे आहेत. आणि आई-मुलाची तुलना एकाच घरात, एकाच विचारणाऱ्याने केली तर अशा चुकीचा बराचसा भाग दोन्ही बाजूंना सारखा पडतो.

तिसरा आक्षेप भावनेशी जोडलेला आहे: दहांत मांस-मासळी आणि अंडी हे दोन गट आहेत, मग शाकाहारी घर आधीच मागे पडणार. हिशेब करून पाहिला तर तसं होत नाही. भाकरी, आमटी, तिळाची चटणी, दही, मेथी, लाल भोपळा, वांगं आणि पेरू हे आठ गट मांसमच्छीशिवाय होतात. मुलांचेही सहा गट निघतात. शाकाहारी ताट पाचावर अडकत असेल तर ते शाकाहारामुळे अडकत नाही. डाळ पातळ, दूध विकलेलं आणि फळ महाग असल्यामुळे अडकतं. पण याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी. बी-12 प्राणिजन्य अन्नातूनच मिळतं, आणि लहान मुलाच्या इवल्या पोटात थोडक्या घासात भरपूर पोषण बसवायचं तर अंड्याला तोड नाही. 2021 च्या मापांत अंडं किंवा मांसाहार मिळाला का, हे वेगळं नोंदवायला सांगितलं आहे ते यासाठीच. ज्या आदिवासी घरांना अंडं, सुकट, चिंबोऱ्या पिढ्यान्पिढ्या चालत आल्या आहेत, त्यांच्या मुलांच्या वाटीतलं अंडं दुसऱ्या कोणाच्या आवडीनिवडीवर ठरू नये.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो: मोजून कोणाचं पोट भरत नाही, हाच पैसा खाऊ घालण्यात का घालू नये? पण काय खाऊ घालायचं, हे मोजल्याशिवाय ठरतं तेव्हा काय होतं ते आपल्यासमोर आहे. प्राधान्य गटातल्या कुटुंबाला शिधापत्रिकेवर दरडोई महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. ते मोलाचं आहे, त्याने भूक टळते, पण दहांपैकी ते एकाच गटात पडतं, आणि तोही असा गट की जो बहुतेक घरांत आधीच भरलेला असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की धान्यातून मिळणारी ऊर्जा 45 टक्क्यांच्या आत असावी. गरिबाच्या ताटात ती याहून कितीतरी जास्त असते, कारण सर्वांत स्वस्त मिळतं ते धान्यच. मार्च 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मुलांची आणि स्त्रियांची किमान आहारविविधता शाश्वत विकास उद्दिष्टांच्या निर्देशकांत घेतली. दोन्ही समूह एका निर्देशकात शेजारी आले, ही मोठी संधी आहे. आता देशाला स्त्रियांचीही चोवीस तासांची नोंद घ्यावी लागेल. ती मुलांच्या नोंदीपासून तोडून वेगळ्या घरांतून घेतली तर संधी वाया जाईल.

प्रत्यक्षात करायचं काय, तेही मांडतो. प्रत्येक बालविकास प्रकल्पात वर्षातून तीनदा, पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, थोडी घरं निवडावीत आणि 6 ते 23 महिन्यांचं मूल व त्याची आई यांची नोंद एकाच भेटीत घ्यावी. गटांवर नुसत्या खुणा न करता सांगितलेल्या पदार्थांची मूळ यादी जपावी. मुलांच्या मापात डाळी आणि बिया एकत्र आहेत, पालेभाजी आणि भोपळाही एकत्र आहेत. मूळ यादी हाताशी असेल तरच दोघांची तुलना प्रामाणिकपणे होते. ही नोंद अंगणवाडी सेविकेच्या कामाचं गुणपत्रक करू नये. ज्या आकड्यावर बदली, नोटीस किंवा बक्षीस टांगलेलं असतं, तो आकडा घराघरांत आपोआप सुधारत जातो आणि मुलं तिथेच राहतात. निष्कर्ष आधी त्या सेविकेपुढे आणि गावातल्या बायांपुढे ठेवावेत, कारण डाळ वाटीत का पोहोचली नाही याचं उत्तर त्यांच्याकडेच आहे. आणि जिथे आई व मूल दोघांच्याही ताटात तोच गट नाही असं दिसेल, तिथे समुपदेशनाचा कार्यक्रम थांबवून तो गट पुरवण्याची तरतूद मागावी: रेशनवर डाळ, अंगणवाडीत अंडं, आणि मूल दोन वर्षांचं होईपर्यंत आईलाही एक चौरस जेवण. काल काय खाल्लं, हे आपण एखाद्या बाईला तिच्या उंबऱ्यात बसून विचारतो, ती कामाचा खोळंबा करून उत्तर देते. त्या उत्तरातून तिच्यासाठी आणि तिच्या लेकरासाठी काय बदलणार, हे विचारणाऱ्याला आधी ठाऊक असायला हवं.